बत्तीस ठिपक्यांचा तांडेल

१६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मराठ्यांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांनी खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पण मराठ्यांची उथळ बुडाची गलबते रात्रीच्या अंधारात नागावच्या खाडीतून निघत, मोठ्या जहाजांना शिरता येत नसे अशा पाण्यातून वाट काढत आणि माणसे व सामान घेऊन बेटावर पोचत. ऑक्टोबरमध्ये मराठा सरदार दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली आणि ‘डव्ह’ हे त्यांचे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. किल्ला उभा राहिला तो राहिलाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे.

संगणकावरच्या छोट्या खेळाला लागते ते सारे या प्रसंगात आहे. काळोख आहे, भरती-ओहोटी आहे, मागे लागलेली जहाजे आहेत आणि उजाडायच्या आत गाठायचे ठिकाण आहे. गोदोसारखे विनामूल्य साधन घेऊन असा खेळ एकट्याने उभारणे आज शक्य आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने संध्याकाळचा वेळ देऊन तो करायला घेतला, तर हिशेब आणि नियम लिहून होतात. गाडी अडते ती चित्रांपाशी. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हवा, वल्हेकरी हवेत, मासळी विकणारी कोळीण हवी, गलबत हवे, आणि ही सगळी मंडळी हलली पाहिजेत. खेळात हलणाऱ्या अशा छोट्या चित्राला स्प्राइट म्हणतात. चित्रकलेचा हात नसलेल्या माणसाला इथे कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची साधने खरोखर उपयोगी पडतात. ती कशी वापरायची, कुठे थांबवायची आणि कोणते काम आपल्याच हातात ठेवायचे, हे एका तांडेलाच्या निमित्ताने क्रमाने पाहू.

आधी माप

एआयकडे जाण्याआधी एक आकडा ठरवावा लागतो: पात्र किती पिक्सेल, म्हणजे किती ठिपके, उंच असणार? हा आकडा पडद्यापासून सुरू होतो. खेळ ३२० × १८० पिक्सेलच्या चौकटीत रचला, तर ती चौकट चारपट केली की १२८० × ७२० होते आणि सहापट केली की १९२० × १०८०, म्हणजे आजच्या पुष्कळ पडद्यांचे माप. पट पूर्णांकात असल्याने प्रत्येक ठिपका चौकोनीच राहतो, कुठे जाड कुठे बारीक होत नाही. या चौकटीत ३२ पिक्सेल उंचीचा माणूस पडद्याच्या साधारण सहाव्या भागाइतका दिसतो. चेहरा ओळखू येतो, हातातली वस्तू कळते आणि आजूबाजूला समुद्रालाही जागा उरते. म्हणून आपला तांडेल ३२ × ३२ च्या घरात बसवू.

३२ पिक्सेलांत डोके जेमतेम ८ ते १० पिक्सेलांचे होते, डोळा एका ठिपक्याचा आणि बोटे मुळीच नाहीत. जाळ्याची आस, म्हणजे भोक, जेवढी, तेवढीच मासळी जाळ्यात राहते, बारीक ती निसटते. पिक्सेलच्या जाळीचेही तसेच आहे. एका ठिपक्याहून लहान असलेले काहीही चित्रात टिकत नाही. म्हणून पात्राची ओळख मोठ्या आकारांवर उभी करावी लागते: डोक्यावर काय आहे, कपड्याची कड कुठे संपते, उभे राहण्याची ढब कशी आहे.

जुन्या खेळांची उत्तम पात्रे याच अडचणीतून घडली. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी मारिओला टोपी दिली, कारण एवढ्या थोड्या ठिपक्यांत केस दाखवणे कठीण होते. आणि मिशी दिली, कारण त्यामुळे नाक व तोंड वेगळे कळत होते. निन्टेन्डोच्या १९८३ च्या घरगुती यंत्रात एका स्प्राइटला पारदर्शक सोडून तीनच रंग मिळत. आज तशी सक्ती कोणी करत नाही, पण मर्यादा स्वतःहून पाळली तर चित्र स्वच्छ राहते.

मग निरीक्षण

दुसरी पायरी किनाऱ्यावरची आहे आणि ती टाळली की पुढचे सगळे फसते. तांडेल कसा दिसतो, हे यंत्राला विचारायच्या आधी आपल्याला माहीत हवे.

पारंपरिक कोळी वेशात कमरेला चौकटीचा रुमाल असतो. त्याचे त्रिकोणी टोक पुढे मांड्यांवर येते आणि पाय मोकळे राहतात. अंगात आखूड कोपरी, डोक्याला टोपी. ३२ पिक्सेलांच्या दृष्टीने हा वेश फार सोयीचा आहे. टोपीचा आकार, कोपरीची सरळ कड, रुमालाचा त्रिकोण आणि उघडे पाय, या चार गोष्टींवरून माणूस लांबून ओळखू येतो. कोळणीचे घट्ट नेसलेले, पोटऱ्या उघड्या ठेवणारे लुगडे, चोळी, खांद्यावरून घेतलेली फडकी, केसांतली वेणी आणि डोक्यावरची पाटी हेही तसेच बोलके आकार आहेत.

सतराव्या शतकातल्या साध्या खलाशाची चित्रे फारशी नाहीत. म्हणून पोशाख पुढच्या काळातल्या पारंपरिक वेशावरून घ्यावा आणि खेळाच्या श्रेयनामावलीत तसे एका ओळीत लिहावे. मुंबई सरकारने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गॅझेटियरच्या कुलाबा-जंजिरा खंडात इथल्या समाजांची वर्णने आहेत. ती वाचावीत, मात्र लिहिणाऱ्याची नजर परक्या सत्तेची होती हे लक्षात ठेवून. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहार काळातले वीरगळ आहेत. त्यांवर नौकायुद्ध कोरले आहे आणि वल्ह्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. लहान जागेत नाव कशी ओळखू येईल हा प्रश्न त्या पाथरवटांनीही सोडवला होता, म्हणून स्प्राइट करणाऱ्याने ते दगड पाहण्यासारखे आहेत.

सगळ्यात चांगला संदर्भ मात्र समोर चालत असतो. मासळी उतरवण्याच्या वेळी कोणत्याही बंदरावर जा आणि माणूस वजन कसे पेलतो, ओल्या वाळूत पाऊल कसे टाकतो, दोर ओढताना कंबर कुठे वाकते ते पाहा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि कशासाठी हवा तेही सांगा. कामात असलेल्या बाईमाणसांचे फोटो न विचारता काढून यंत्रात घालणे योग्य नाही. फोटोची गरजही नेहमी पडत नाही. वहीतली चार ओबडधोबड रेखाटने पुष्कळदा अधिक कामाची ठरतात, कारण त्यांत आपण महत्त्वाचे तेवढेच टिपलेले असते.

यंत्र चित्र कसे काढते

आता यंत्राकडे वळू. स्टेबल डिफ्यूजन हे ऑगस्ट २०२२ मध्ये खुले झालेले मॉडेल ज्या तत्त्वावर चालते, ते समजले की पुढच्या अडचणींची कारणे कळतात.

शिकवताना यंत्राला कोट्यवधी चित्रे आणि त्यांखालचा मजकूर दाखवतात. प्रत्येक चित्रात अस्ताव्यस्त ठिपक्यांची खरखर थोडी थोडी मिसळत जातात आणि यंत्राने ‘मिसळलेली खरखर कोणती’ हे ओळखायचे असते. हे ओळखणे जमू लागले की उलटी वाट चालता येते. कोऱ्या खरखरीपासून सुरुवात करायची, वीस-तीस पायऱ्यांत ती काढत जायची, आणि प्रत्येक पायरीला आपण लिहिलेल्या वर्णनाने दिशा द्यायची. शेवटी चित्र उरते.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे हे सगळे प्रत्यक्ष पिक्सेलांवर घडत नाही. ५१२ × ५१२ चे चित्र यंत्र आतल्या आत ६४ × ६४ च्या आटवलेल्या नकाशावर घडवते आणि अखेरीस फुगवून पिक्सेलांत आणते. नकाशातला एक बिंदू म्हणजे चित्रातला ८ × ८ पिक्सेलांचा तुकडा. त्यामुळे ‘पिक्सेल आर्ट काढ’ म्हटले की यंत्र ठिपक्यांसारखे दिसणारे चित्र देते, पण ते ठिपके खऱ्या जाळीवर नसतात. एक ठिपका पंधरा पिक्सेल रुंद, शेजारचा सतरा, कडा पुसट, आणि एका रंगाच्या जागी त्याच्या पन्नास छटा.

दुसरी गोष्ट शिकवणीच्या चित्रांची. स्टेबल डिफ्यूजनची पहिली आवृत्ती लायन या संग्रहातून शिकली. त्या संग्रहात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या आहेत आणि त्यांतल्या सुमारे २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या. मराठी मजकुरासह आलेले कोकणी कोळ्यांचे चित्र त्यात किती दुर्मीळ असेल, याची कल्पना करता येते. यंत्र जे पुष्कळ पाहते तेच सहज काढते. ‘जुन्या काळातला भारतीय खलाशी’ असे सांगितले तर डोक्यावर राजस्थानी साफा येण्याची किंवा तांडेलाचा कॅरिबियन चाचा होऊन त्याच्या डोळ्यावर पट्टी चढण्याची शक्यता मोठी. यंत्राने पाहिलेल्या जगात आपला किनारा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती उणीव आपल्या वर्णनाने आणि रेखाटनाने भरून काढायची असते.

सांगायचे काय

यासाठी जातीचे किंवा व्यवसायाचे नाव देऊन थांबू नका. दिसते ते सांगा. ‘कोळी’ या शब्दामागे यंत्राकडे फारशी चित्रे नाहीत, पण ‘चौकटीचे कापड’, ‘त्रिकोणी टोक’, ‘उघडे पाय’ हे त्याला कळते. नव्या संवादी साधनांना मराठी सूचना समजतात; जुन्या खुल्या मॉडेलांना हेच इंग्रजीत सांगावे लागते. सूचना साधारण अशी असावी:

‘एकच माणूस, पूर्ण उभा, उजवीकडे तोंड केलेला, बाजूने दिसणारा. वय पन्नाशीचे, बांधा काटक, उन्हाने रापलेला सावळा रंग, पांढरी मिशी. डोक्याला घट्ट बसणारी लाल टोपी. अंगात आखूड पांढरी कोपरी. कमरेला लाल-पांढऱ्या चौकटीचा रुमाल, त्याचे त्रिकोणी टोक पुढे मांड्यांवर. पाय उघडे, अनवाणी. हात रिकामे, अंगापासून थोडे दूर. पार्श्वभूमी सपाट किरमिजी. सावली नाही. मोजके सपाट रंग, ठळक बाह्यरेषा.’

यातल्या प्रत्येक अटीला कारण आहे. हात अंगापासून दूर ठेवले की आकृतीची बाह्यरेषा सुटी राहते आणि पुढे हात हलवता येतात. हात रिकामे, कारण वल्हे किंवा दोर धरताना यंत्र अनेकदा चुकते. वस्तू नंतर वेगळी काढून जोडावी. पार्श्वभूमी किरमिजी, कारण तो रंग पात्रात कुठेच नाही आणि एका फटक्यात काढून टाकता येतो. ‘पारदर्शक’ म्हटले तर काही साधने पारदर्शकतेची खूण असलेले राखाडी-पांढरे चौकोनच चित्रात रंगवून देतात. सावली नको, कारण खेळात प्रकाशाची दिशा आपण ठरवणार.

शब्दांपेक्षा रेखाटन जास्त पकड देते. वहीतले चित्र फोनने टिपून ‘याच बांध्याचा आणि याच ढबीचा’ असे सांगता येते. खुल्या मॉडेलांसाठी २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या पद्धतीने काड्यांची आकृती देऊन हातापायांची जागा पक्की करता येते. पात्रे पुष्कळ हवी असतील, तर आपणच काढलेल्या वीस-तीस चित्रांवर लोरा नावाची छोटी पुरवणी शिकवता येते. एवढ्या शिदोरीवर मूळ मॉडेल आपल्या शैलीकडे वळते. सहा-आठ पात्रांच्या खेळाला मात्र इतका खटाटोप लागत नाही.

एका वेळी एकच पात्र मागा, चार-सहा नमुने घ्या आणि निवडताना प्रत्येक नमुना अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. मोठ्या आकारात देखणे असलेले चित्र लहान होताच गाळासारखे दिसले, तर ते आपल्या कामाचे नाही.

जाळीवर उतरवणे

निवडलेले चित्र समजा १०२४ × १०२४ चे आहे. त्यातला तांडेल कापून घ्या आणि तो ३२ पिक्सेल उंचीत आणा. साधे लहान करणे इथे चालत नाही, कारण संगणक शेजारच्या रंगांची सरासरी काढतो आणि टोपीची कड कपाळात मिसळते. त्याऐवजी चित्रावर ३२ ओळींची जाळी कल्पून प्रत्येक चौकोनात सर्वांत जास्त जागा व्यापणारा रंग तेवढा ठेवायचा. काही साधनांत हे आपोआप होते. नसेल तिथे आधी रंगांची संख्या कमी करावी आणि मग ‘नियरेस्ट नेबर’ पद्धतीने लहान करावे. हातात येणारे चित्र खडबडीत असेल, पण कडा स्पष्ट असतील.

यापुढचे काम एसप्राइटमध्ये, किंवा पैसे न घालता लिब्रेस्प्राइट, पिस्केल अथवा क्रिटा यांपैकी कशातही करता येते. पडदा आठपट मोठा करून ठिपका-ठिपका तपासा. बाह्यरेषेत दोन ठिपके जाड झालेला कोपरा एक ठिपका करा. कुठेतरी एकटा पडलेला भलत्या रंगाचा ठिपका पुसा. अर्धवट पारदर्शक कडा पूर्ण भरा किंवा पूर्ण काढा. डोळा हाताने ठेवा. यंत्राने दिलेला डोळा या मापात टिकत नाही. चौकटीचा रुमाल हीदेखील हाताचीच गोष्ट आहे. खरी चौकट ३२ पिक्सेलांत मावत नाही, म्हणून तांबड्या पट्टीवर एकाआड एक फिकट ठिपके ठेवायचे, आणि डोळा त्याची चौकट जुळवतो.

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, आणि तो द्यावा. एआयने आपल्याला कोऱ्या कागदावरून अर्ध्या वाटेवर आणून सोडलेले असते. उरलेल्या अर्ध्या वाटेत पात्र आपले होते.

रंगपेटी

पूर्ण खेळासाठी एकच रंगपेटी ठरवा. बत्तीस रंगांत असा खेळ आरामात बसतो. एका पात्राला बारा ते सोळा रंग पुरतात: कातडीचे तीन, कापडांचे प्रत्येकी दोन-तीन, केसांचे दोन, बाह्यरेषेचा एक. सावळ्या कातडीच्या सावलीत काळा मिसळू नका, तिथे तांबूस-जांभळ्याकडे झुकणारी छटा घ्या. काळ्याने चेहरा मळका दिसतो. यंत्राने दिलेल्या चित्रात कातडी अनेकदा न सांगता उजळलेली असते, तीही रंगपेटीवर आणताना सुधारा.

पेटीतले रंग आपल्याच किनाऱ्यावरून घ्यावेत. अलिबाग-वरसोलीची वाळू सोनेरी नाही, करडी आहे. खाडीच्या तोंडाशी पाणी मातकट हिरवे असते. कुलाबा किल्ल्याच्या तटाचा दगड काळा आहे. यंत्र समुद्र म्हटला की निळाशार आणि वाळू म्हटली की पिवळी देते. रंगपेटी बदलली तर तेच चित्र रायगडच्या किनाऱ्यावर येते.

चाल

उभा तांडेल तयार झाला की त्याला चालवायचे. चालण्याच्या फेरीला किमान चार चित्रे लागतात: उजवा पाय पुढे, पाय जवळ, डावा पाय पुढे, पुन्हा पाय जवळ. पाय जवळ असताना डोके एक पिक्सेल वर घ्या. चालीत जीव येतो तो त्या एका पिक्सेलने. प्रत्येक चित्र १०० ते १२५ मिलिसेकंद दाखवले, म्हणजे सेकंदाला आठ-दहा चित्रे, की चाल सहज वाटते. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चार दिशा धरल्या तर सोळा चित्रे होतात, आणि ३२ च्या घरांचा १२८ × १२८ चा एक नेटका तक्ता तयार होतो.

ही सोळाही चित्रे यंत्राकडून मागवावीशी वाटतात, पण एआय सर्वांत कच्चे इथेच आहे. प्रत्येक चित्र ते नव्याने घडवते. पहिल्यात कोपरीला दोन गुंड्या, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात रुमालाचे टोक दुसरीकडे. उजवा पाय कोणता आणि डावा कोणता, यातही गल्लत होते. आधीचे चित्र संदर्भ म्हणून दिले तर फरक कमी होतो, पण ३२ पिक्सेलांत उरलासुरला फरकसुद्धा चालताना लुकलुकतो. पिक्सेलॅबसारखी खास स्प्राइटसाठीची साधने दिशा आणि चाल बऱ्यापैकी सांभाळतात, तरी त्यांचेही चित्र तपासून घ्यावेच लागते.

म्हणून सोपी वाट अशी: यंत्राकडून समोरची, बाजूची आणि पाठमोरी अशी तीन उभी चित्रे घ्यावीत आणि चाल आपण करावी. डोके, धड, हात आणि पाय वेगवेगळ्या थरांवर ठेवले की चालीचे बरेचसे काम हे थर एक-दोन पिक्सेल सरकवण्याचे असते. चौथी दिशा आरशाने मिळते. मात्र आरसा लावताना थांबून पाहा. तांडेलाच्या कमरेला एका बाजूला कोयता असेल, तर आरशात तो दुसऱ्या बाजूला जातो. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो. परक्याला हे दिसणार नाही, पण इथल्या आजीला लगेच दिसेल. अशा पात्रांची चौथी दिशा वेगळी दुरुस्त करावी.

वल्हे मारण्यालाही चार चित्रे पुरतात: पुढे झुकणे, वल्हे पाण्यात टाकणे, मागे रेलून ओढणे, वल्हे उचलणे. ओढण्याचे चित्र इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ दाखवा. जोर तिथे असतो, आणि डोळ्याला तो वेळाच्या फरकाने जाणवतो.

गलबत

माणसाच्या मापात होडी काढू गेले की गणित अडते. ३२ पिक्सेलांत सव्वापाच फुटी माणूस, म्हणजे एक मीटर साधारण २० पिक्सेलांचा. २० मीटर लांबीचे जहाज ४०० पिक्सेलांचे होईल आणि आपला पडदाच ३२० चा आहे. म्हणून दोन मापे ठेवावी लागतात. समुद्राच्या नकाशावर ४८ × ४८ चे छोटे गलबत, आणि डेकवरच्या प्रसंगासाठी जहाजाचा फक्त एक भाग.

नकाशावरच्या छोट्या आकारातही गुराब आणि गलबत वेगळी ओळखू आली पाहिजेत. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दोन्हींचे वर्णन केले आहे. गुराब दोन डोलकाठ्यांची असेल तर सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत; रुंद बांध्याची, आणि पुढे लांब निघालेली नाळ. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांपुढे. एक मोठे त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. स्प्राइटसाठी याचा अर्थ सरळ आहे. गुराबीची ओळख तिच्या पुढे काढलेल्या नाळेत, गलबताची ओळख त्रिकोणी शिडात आणि वल्ह्यांच्या रांगेत. यंत्राला ‘मराठा जहाज’ म्हटले तर ते बहुधा चौकोनी शिडांचे उंच युरोपीय जहाज देते. त्याला नाळ आणि शीड वर्णन करूनच सांगावे लागते.

आठ दिशांना वळणाऱ्या होडीसाठी पाच दिशा काढल्या की उरलेल्या तीन आरशाने मिळतात. पण शीड वेगळ्या थरावर ठेवा. शीड कोणत्या बाजूला भरायचे ते वारा ठरवतो, होडीची दिशा नव्हे. सांगाडा आरशातून घेतला आणि शीड वाऱ्यानुसार लावले, तर वारा उत्तरेचा आहे की पश्चिमेचा हे खेळणाऱ्याला न सांगता कळते, आणि खेळाच्या नियमांना चित्राची साथ मिळते.

खेळात बसवणे

गोदोमध्ये चित्र आणले की आधी पोताची सेटिंग ‘नियरेस्ट’ करा, नाहीतर सगळे ठिपके धुरकट होतात. पडदा पूर्णांक पटीतच वाढेल असे ठरवा. तक्ता ४ × ४ घरांत कापून प्रत्येक ओळीला दिशेचे नाव द्या. पात्राचा आधारबिंदू पोटाशी न ठेवता पायाशी ठेवा. तो पोटाशी राहिला तर तांडेल वाळूत रुतल्यासारखा किंवा हवेत तरंगल्यासारखा दिसतो. रात्रीच्या प्रसंगासाठी नवी चित्रे काढायची गरज नाही. संपूर्ण दृश्यावर गडद निळी छटा चढवली की तीच चित्रे काळोखात जातात.

हक्क, उल्लेख आणि आदर

ही साधने ज्या चित्रांवर शिकली, त्यांतल्या पुष्कळ चित्रकारांना कोणी विचारलेले नाही, आणि त्यावर अमेरिकेत व ब्रिटनमध्ये खटले झाले आहेत. हौशी माणसाच्या हातात असलेली गोष्ट एवढी: हयात चित्रकाराचे नाव घेऊन त्याची शैली मागू नये, कोणाचे स्प्राइट यंत्रात घालून ‘थोडे बदलून दे’ म्हणू नये, आणि एआय वापरले हे उघड सांगावे. स्टीमवर खेळ प्रसिद्ध करायचा तर जानेवारी २०२४ पासून तशी माहिती द्यावीच लागते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या भूमिकेनुसार नुसत्या सूचनेतून मिळालेल्या चित्रावर हक्क मिळत नाही. माणसाने केलेल्या कामावर मिळतो. हाताने केलेल्या दुरुस्तीच्या मधल्या फायली म्हणूनच जपून ठेवाव्यात.

कायद्यापलीकडची एक जबाबदारी आहे. खांदेरीच्या गोष्टीत इंग्रज आहेत, आणि पलीकडे जंजिऱ्याचे सिद्दीही आहेत. सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले, दर्यावर्दी, १९४८ पर्यंत जंजिरा संस्थान चालवणारे घराणे. यंत्राला ‘शत्रू’ म्हटले की ते विद्रूप चेहरा देते, आणि काळ्या कातडीबरोबर ती विद्रूपता जोडली गेली तर आपला खेळ कोणाचा तरी अपमान करतो. सिद्दी सरदाराचा स्प्राइट तांडेलाच्या स्प्राइटइतक्याच काळजीने करावा. त्याचीही उभे राहण्याची ढब असावी, त्याच्याही डोळ्याला तो एक नीट ठिपका मिळावा. तगडा प्रतिस्पर्धी सन्मानाने दाखवला तर मायनाक भंडारींचे धाडसही खरे वाटते.

शेवटची तपासणी यंत्र करू शकत नाही. चालता तांडेल फोनवर घ्या आणि ज्यांनी आयुष्य होडीवर काढले आहे अशा माणसांना दाखवा. रुमाल असा नेसत नाहीत, वल्हे इथून धरत नाहीत, ओहोटीला या वाटेने कोणी होडी घालणार नाही, असे ते जे काही सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि पुढच्या फेरीत बदला. ठिपके बदलायला मिनिटे लागतात. ही माहिती मात्र कोणत्याही संग्रहात नाही, ती फक्त त्यांच्याकडे आहे. अशा चार-पाच पात्रांचे तक्ते नीट तयार झाले, तर ते सगळ्यांना विनामूल्य वापरता येतील अशा परवान्याने खुले करा. मग रेवदंड्याचा, मुरूडचा, श्रीवर्धनचा पुढचा खेळ करणाऱ्याला परक्या चाच्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. त्याला आपल्या किनाऱ्याचा तांडेल आयता मिळेल.